उंबऱ्याचं गाणं

"माझ्या घरात कोन मेलं?" ठकूमावशीनं विचारलं.

बँड अजून वाजत होता. अप्पांनी हात वर केला तेव्हा आधी ट्रम्पेट थांबले, मग सॅक्सोफोन. रज्जाकचाचांचं क्लॅरिनेट आपल्याच ओघात थोडं पुढं गेलं आणि आपण एकटे पडलो हे लक्षात आल्यावर गप्प झालं.

"काय म्हणालात, आक्का?" अप्पांनी विचारलं.

मावशी तालमीच्या खोलीत भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. तिच्यासाठी मांडलेल्या खुर्चीवर तिची पिशवी होती. आईची ही थोरली बहीण त्या दिवशी मुद्दाम डोंगर उतरून आली होती. अप्पांनी तिच्या गावचं गाणं बँडवर बसवलं होतं आणि ते बरोबर बसलंय का, हे सांगायला तिच्याशिवाय फारसं कुणी उरलं नव्हतं.

"माझ्या घरात कोन मेलं, ते इचारते, पाव्हणं. ल्योक सकाळीच मला यष्टीत बसवून गेला. सून हाय, नातू हाय. मंग गवाऱ्यांची ओळ मधीच का तोडली तुमी?"

"तोडली नाही. तिथं सगळ्यांनी दम घेतला."

"गान्यात दम?"

"मावशी, ही फुंकायची वाद्यं," रज्जाकचाचा म्हणाले. "आम्ही दम घेतला नाही तर माणूस आमच्या घरातलं जाईल."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मावशीनं तिकडं पाहिलंही नाही. ती अप्पांकडं बघत होती आणि अप्पा मांडीवरच्या युफोनियमच्या पितळी तोंडाकडं.

पिंगळदरा हे आईचं माहेर. आदल्या वर्षी आवणी चालू असताना, भाताची रोपं लावायच्या ऐन दिवसांत, एका सकाळी डोंगराची एक बाजू सुटली आणि ओढ्याच्या अलीकडचं सगळं गाव घेऊन खाली आली. ओढ्यापलीकडची मोजकी घरं वाचली. मावशीचं सासर, गवाऱ्यांचं घर, त्यांपैकी एक. आई त्या सकाळी अलीकडं होती, तळप्यांच्या घरात, आपल्या भावाकडं. दरवर्षी ती भात लावायला जायची. बँडवाल्याशी लग्न केलं म्हणून मामानं काही वर्षं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. मग आवणीला हात कमी पडायला लागले आणि बोलणं सुरू झालं. मामा सापडला, मामी सापडली. आई सापडली नाही. पुढं यंत्रं परत गेली, माणसं परत गेली, आणि आम्हीही घरी आलो.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात अप्पाही गेले. त्यांचं सगळं रीतीप्रमाणे झालं. ते करताना मला सारखी त्या तालमीची आठवण येत होती.

दरडीला वर्ष होणार होतं. गाव होतं त्या जागी नावांचा दगड बसवायचं ठरलं होतं आणि तालुक्याच्या साहेबांनी अप्पांना विचारलं होतं, मास्तर, तुमचा बँड येईल का, गावातलंच काही वाजवाल का. अप्पा फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले. आमच्या गावातल्या बँडला त्यांनी लग्नाच्या वरातींतून वर काढायचा पुष्कळ प्रयत्न केला होता आणि लोकांनी तो पुष्कळदा हाणून पाडला होता. या वेळी त्यांनी ढोल आणि ताशा घरी ठेवायला सांगितलं. नुसती फुंकीची वाद्यं. हिवाळ्यापासून ते एकच गाणं घेऊन बसले होते, उंबऱ्याचं गाणं.

शेवटच्या खाचरातलं शेवटचं रोप लागलं की पिंगळदऱ्याच्या बायका चिखलात तशाच उभ्या राहून हे गाणं म्हणत. प्रत्येक घराची एक ओळ. वरच्या अंगाला भवाऱ्यांचं घर, तिथून सुरुवात करून उतरणीनं घर घर घेत खाली यायचं. एका घराची ओळ संपायच्या आत दुसऱ्या घरची बाई आपली ओळ उचलते, म्हणून गाणं कुठं तुटत नाही. एकाच कारणानं तुटतं. मागच्या आवणीपासून ज्या घरात माणूस गेलं, त्या घराची ओळ कुणी म्हणत नाही. ती म्हणायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ सगळ्या जणी गप्प उभ्या राहतात. मग पुढचं घर.

अप्पांनी एकेका घराला एकेक वाद्य दिलं होतं. आणि मावशीच्या घराच्या ओळीत, बरोबर मध्यावर, सगळ्यांना दम घ्यायला एक विराम.

"ती तिथं थांबते," अप्पा म्हणाले.

"कोन?"

"चांगुणा. मी हे शेतात कधी ऐकलं नाही, आक्का. मी ऐकलं ते आमच्या मोरीतून. भांडी घासताना म्हणते ती. भवाऱ्यांपासून सगळी घरं एकटीच घेत येते. माहेरची ओळ पुरी करते, मग ओढा ओलांडून तुमची ओळ धरते, आणि मधेच तिला दम लागतो. दर वेळी तिथंच. ती जिथं थांबते तिथं मी विराम लिहिला."

वर्षभर अप्पा आईबद्दल असेच बोलत होते, ती बाजारात गेल्यासारखे.

"माझ्या ओळीत दम घ्यायची?" मावशीनं विचारलं. "तळप्यांच्या न्हाय?"

"ती पुरी करते."

मावशीनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं ती रडतेय, पण ती हसत होती. "चोरटी! ल्हानपनापास्नं माझ्याच ताटातलं उचलायची. भाकर माझ्या वाटची, दूध माझ्या वाटचं, आन आता दम बी माझ्याच वाटचा."

मग ती खरंच रडली. थोडंसंच. बँडमधली माणसं वाद्यांत फुंकून साचलेलं पाणी काढत बसली.

"असं करा," तिनं डोळे पुसून रज्जाकचाचांना सांगितलं. "ह्ये काळं लाकडाचं दोघांकडं हाय न्हवं? एकीचा दम संपायला आला की दुसरीनं झेलायचं. आमी तेच करतो."

"एकीचा?" रज्जाकचाचा म्हणाले. "हुसेन, ऐकलंस? आजपासून तू एकी आणि मी दुसरी."

त्यांचा धाकटा भाऊ हुसेन दुसरं क्लॅरिनेट वाजवायचा. दोघांनी गवाऱ्यांची ओळ धरली. एकाचा सूर विरत यायच्या आत दुसऱ्यानं तोच सूर खालून उचलला. पहिल्यांदा सांधा दिसला. तिसऱ्यांदा दिसला नाही. मावशीनं मान हलवली.

"आता दुसरं," ती म्हणाली. "भवाऱ्यांची ओळ कोनी वाजवली?"

ट्रम्पेटवाल्यानं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"त्या घरातलं कोन ऱ्हायलंय?"

त्यानं हात खाली घेतला.

"लोहकऱ्यांची वाजवली. मुऱ्ह्यांची वाजवली. आसवल्यांची वाजवली. माझ्या भावाच्या घराची वाजवली. जित्या घराला मुकं केलं, आन मेलेली घरं वाजवली. तुमाला ही रीत म्हाईत न्हवती, पाव्हणं?"

"नव्हती," अप्पा म्हणाले.

मी त्यांच्याकडं पाहिलं. मी लहान असताना ही रीत आईनं मला सांगितली, तेव्हा अप्पा त्याच खोलीत बसून युफोनियमच्या खिट्ट्यांना तेल देत होते. एक ओळ मुकी ठेवायची म्हणजे केवढा वेळ, असं त्यांनी मधेच विचारलंही होतं.

"आजची तालीम संपली," ते म्हणाले.

मावशी दुपारच्या गाडीनं गेली. जाताना मला म्हणाली, "त्यांनला समजाव पोरी. वर बायका उभ्या ऱ्हातील. त्यांच्या तोंडावर मेलेल्यांचा उंबरा वाजवला, तर त्या घरी जाऊन काय करतील?" मी हो म्हटलं. कसं समजवायचं ते मला माहीत नव्हतं. मी तेव्हा गावच्या वाचनालयात काम करत होते. मरणाबद्दल आणि मागं राहणाऱ्यांबद्दल कपाटांत जे जे होतं ते सगळं मी त्या वर्षात वाचून काढलं होतं. शोकाच्या पायऱ्या असतात म्हणे. पहिल्या पायरीवर पाय ठेवायला माणूस गेलंय असं घरातल्यांनी म्हणावं लागतं. आमच्या घरात ते कुणी म्हटलं नव्हतं. आईचे दिवस घातले नव्हते. दगडावर कोरायला नावं मागवली तेव्हा अप्पांनी तिचं नाव देऊ दिलं नव्हतं.

त्या दुपारी स्वरलिपीचे कागद नव्याने लिहायला मी टेबलाशी बसले. प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद, सा रे ग मध्ये. हे काम नेहमीच माझं असायचं. अप्पा खिडकीपाशी उभे राहून सांगत होते.

"भवारी. रिकामी."

मी ट्रम्पेटच्या कागदावरची ओळ खोडली.

"लोहकरे. रिकामी. मुऱ्हे. रिकामी. आसवले. रिकामी."

मला हायसं वाटलं. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

"तळपे," ते म्हणाले.

मी थांबले.

"युफोनियम."

"अप्पा."

"युफोनियम. ती मी वाजवतो. तो कागद बदलायचा नाही."

"बाकी सगळी घरं रिकामी आणि तेवढंच वाजवायचं?"

"हो."

"मामा गेला ना त्या घरातला. मामी गेली. त्यांच्यासाठी ठेवू या रिकामी. मामासाठी. आईसाठी नाही."

ते वळले. "शालन, तुला मी एवढा मूर्ख वाटतो?"

मी पेनाला टोपण लावलं.

"ती ओळ रिकामी ठेवली की मला कोण ऐकू येईल? तुझा मामा? सबंध आयुष्यात तो माझ्याशी चार वाक्यं बोलला असेल, आणि त्यातली दोन भाताची." ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "मला ती रीत माहीत होती."

"ते मला माहितेय."

"मग हेही ऐक. एकट्या तिचीच ओळ वाजवली असती, तर लोक म्हणाले असते मास्तरला वेड लागलं. म्हणून सगळ्यांच्याच वाजवल्या. म्हणू देत, बँडवाल्याला डोंगरातलं काय कळतंय. ते चाललं असतं मला. आक्का आल्या आणि सगळं मोडलं."

"मावशीला तुम्हीच बोलावलंत."

"चाल तपासायला बोलावलं होतं. घरं तपासायला नाही."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. अप्पांनी माझ्यापुढचे कागद सारखे केले, कोपऱ्याला कोपरा लावून.

"ती सापडलेली नाही," ते म्हणाले. "न सापडलेल्या माणसाचं काय करायचं ते फौजेतही कुणी ठरवून टाकत नाही. वाट बघतात. तुला एवढी घाई कसली आहे?"

"मला रडायचंय, अप्पा."

"मग रड की. कोण नको म्हणतंय?"

"तुम्ही. रोज म्हणता. आई आली की लोणचं घालू. आई आली की विचार. मी रडले तर तिला मीच मारल्यासारखं होतं."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मग मार," ते म्हणाले. "पण माझ्या हातानं नाही."

ते उठून गेले. मी युफोनियमचा कागद जसा होता तसाच ठेवला.

डोंगरावर जायच्या दिवशी टेम्पोत बसताना रज्जाकचाचा आपल्या कोटाकडं बघून म्हणाले, "मास्तर, लग्नाच्या कपड्यांत मयताला निघालोय आपण." बँडचा गणवेश एकच होता, लाल कोट आणि त्यावर सोनेरी बटणं. पांढरे शर्ट घाला असं अप्पांनी सांगितलं होतं, पण निम्म्या लोकांकडं पांढरा शर्ट नव्हता.

"तिकडं मयत कुणाची नाही, रज्जाक," अप्पा म्हणाले. "कार्यक्रम आहे."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मग ते घाट संपेपर्यंत बाहेर बघत बसले.

गाव होतं तिथं आता गवत होतं. इतकं हिरवं की बघवत नव्हतं. मधोमध काळा दगड, त्यावर हार. मांडव घातला होता, कर्णे लावले होते, मांडवामागं मोठ्या पातेल्यांत चहा उकळत होता. साहेब बोलले. दुसरे साहेब बोलले. ते काय बोलले ते मला आठवत नाही. दोघांनीही कागदावर न बघता बोलायचा प्रयत्न केला, एवढं आठवतं. पलीकडच्या घरांतल्या बायका मांडवात आल्या नाहीत. त्या बाहेर भुरभुर पावसात ओळीनं उभ्या होत्या, जशा खाचरात उभ्या राहत असतील तशा. मध्ये मध्ये माणसाएवढ्या जागा मोकळ्या सोडलेल्या. मावशीनं मला दंडाला धरून अशाच एका जागेत नेऊन उभं केलं.

"मी कशाला इथं?" मी विचारलं.

"तळप्यांची तू."

"मी? तळप्यांची तर तू."

"मी गवाऱ्यांची झाले लगीन करून. एका बाईला दोन उंबरं न्हाय मिळत. चांगुणा लगीन करून खाली गेली, खाली कसली आलीय ओळ? म्हनून तिनं माहेरचीच ठिवली. ती आता तुझी." ती हळू आवाजात, घाईनं सांगत होती, कारण मांडवात अप्पांनी वाद्य हातात घेतलं होतं. "रिकाम्या ओळीला हात धरावा लागतो. ज्या घरची ओळ, त्या घरच्या बाईनं उजवा हात वर करायचा, मनात ओळ म्हनायची, संपली की हात खाली. हात वर हाय तवर समदी गप, बँडवाल्यांनला बी तसं सांगून ठिवलंय. घरात कोनीच नसल तर शेजारच्या उंबऱ्याची बाई धरती. भवाऱ्यांपास्नं मी धरते. पर तळप्यांचं मानूस उभं असताना मी कशी धरू?"

"मावशी, अप्पा ती ओळ वाजवणार आहेत."

तिनं माझा दंड सोडला नाही. "वाजवनार?"

"हो. मी समजावलं. ऐकत नाहीत."

मावशीनं मांडवाकडं पाहिलं. "मंग तू हात नको करू," ती म्हणाली. "बाप हाय. चार लोकांत त्याला खाली पाडू नको. तुझं तू बघ."

गाणं सुरू झालं.

सुरुवातीचं धृपद सगळ्यांनी मिळून वाजवलं. मी ते आईच्या एकटीच्या आवाजात ऐकत वाढले होते. इतक्या वाद्यांतून ते डोंगरावर आदळून परत आलं तेव्हा मला ते ओळखीचं वाटायला वेळ लागला. मग भवाऱ्यांची ओळ आली, आणि मावशीचा हात वर गेला, आणि सगळं थांबलं.

पाऊस गवतावर पडत होता तेवढाच आवाज. मांडवातल्या लोकांना वाटलं गाणं संपलं. दोघा तिघांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सोडून दिली. मावशीचा हात खाली आला. एक सूर, पुढच्या घराकडं जाणारा. परत हात वर. लोहकरे. हात खाली. मुऱ्हे. आसवले. प्रत्येक ओळीची लांबी वेगळी होती. काहींच्या ओळी लांबलचक असाव्यात, पुष्कळ पिकांची आणि गुरांची नावं असलेल्या. एक इतकी छोटी होती की हात वर गेला आणि लगेच उतरला. मांडवातले लोक आता बोलायचे थांबले होते. साहेब उभे राहिले, मग त्यांच्यामागं सगळेच.

एक सूर, तळप्यांकडं जाणारा. अप्पांनी युफोनियम उचललं.

माझा हात मी वर केला. हे मी ठरवून केलं असं सांगता येणार नाही. मावशीनं नको म्हटलं होतं, अप्पांनी तर म्हटलंच होतं. पण माझ्या दोन्ही बाजूंना त्या बायका होत्या, एकेकीची जागा धरून, आणि माझ्या जागेत मी होते, आणि आईचं काय झालं ते त्या सगळ्या जणींना माहीत होतं.

अप्पांनी मला पाहिलं. बँडच्या दुसऱ्या टोकाला रज्जाकचाचांनी क्लॅरिनेट खाली घेतलं. अप्पांनी युफोनियम ओठांना लावलं, डोळे माझ्यावरून न काढता. त्यांची छाती भरली. त्यांनी फुंकलं.

सूर आला नाही. त्या वाद्यात ओठ आवळून थरथरवले तरच सूर होतो, ओठ सैल ठेवले तर नुसता वारा आत जातो आणि बाहेर येतो. तसा वारा आला. त्यांच्यापुढं माईक होता. कर्ण्यांतून तो वारा सगळ्या दरीत गेला, एका माणसाचा श्वास, लांब आणि जड, आणि त्यांची बोटं मात्र खिट्ट्यांवर बरोबर पडत होती, ओळीतल्या एकेका सुरावर.

मी मनात म्हटलं:

आमच्या उंबऱ्याला झऱ्याची वाट,
भरला ग माठ, उतरा कुणी.

ओळ संपली. त्यांचा श्वास संपला. माझा हात खाली येईना. तो खाली आला की पुढचं घर सुरू होणार होतं, आणि मग तळप्यांच्या घराचं झालं ते झालं. मावशी शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, हाताला हात लावला नाही. कुणीही काही केलं नाही. सगळे थांबून राहिले, साहेबांपासून चहावाल्यापर्यंत, मी हात खाली घेईपर्यंत.

मी घेतला.

रज्जाकचाचांनी गवाऱ्यांची ओळ उचलली, हुसेननं ती झेलली, पुन्हा चाचांनी. ती कुठंही तुटली नाही. पलीकडची उरलेली घरं झाली, धृपद झालं, आणि लोकांनी टाळ्या वाजवाव्यात की नाही ते न कळून काहींनी वाजवल्या.

अप्पांनी युफोनियम रज्जाकचाचांच्या हातात दिलं. मांडवातून निघून ते सरळ दगडापाशी गेले, तिथं थांबले नाहीत, दगडावरून पुढं ओढ्यात उतरले. ओढ्याला पाणी गुडघ्याच्या वर होतं. ते त्यात बसले. दोन्ही हातांची ओंजळ भरून त्यांनी डोक्यावर पाणी घेतलं. परत घेतलं.

"मास्तर, बूट तरी काढा," बँडमधलं कुणीतरी ओरडलं.

"राहू दे रे," रज्जाकचाचा म्हणाले. "आंघोळ करतोय तो."

मावशीनं चहावाल्याकडून एक रिकामं पातेलं मागून घेतलं आणि मला घेऊन ओढ्यावर आली. काठावर मला बसवून तिनं पातेलं भरलं आणि माझ्या डोक्यावर ओतलं. पाणी फार थंड होतं. त्याला चहाचा वास येत होता.

"रड आता," ती म्हणाली.

मला रडू आलं नाही. वर्षभर मी ज्याची वाट बघत होते ते त्या वेळी आलं नाही, पुढंही बरेच दिवस आलं नाही. अप्पा मात्र रडत होते. आवाज न करता, पाण्यात बसून, लाल कोट भिजून छातीला चिकटलेला. त्यांना थंडी भरून आली होती आणि कोट काढायला त्यांची बोटं वळत नव्हती. मी पाण्यात उतरले आणि त्यांची बटणं सोडायला लागले. भिजलेल्या काजांत ती घट्ट बसली होती, आणि प्रत्येकाला वेळ लागत होता.